वेताळाचा भाव वधारला! जुन्या कॉमिक्सबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या कॉमिक्सच्या चढत्या किमतींवर दोन पानं लिहिली होती आणि शेवटी सहज म्हटलं होतं की काही विचारायचं असेल तर विचारा. आता पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळीकडून एवढं आलंय की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही. निम्म्या पत्रांत नुसता वैताग आहे आणि उरलेल्या निम्म्यांत "माझ्याकडे अमुक अंक आहे, किती येतील?" एवढंच. या दुसऱ्या प्रकाराला इथे उत्तर मिळणार नाही, फोटो बघून भाव सांगणं म्हणजे फोनवरून नाडी बघण्यासारखं आहे. बाकीच्यांतले काही निवडक प्रश्न घेतलेत.

प्रश्न : मी चोपन्न वर्षांचा आहे, बँकेत नोकरी. लहानपणी मराठी इंद्रजाल कॉमिक्सचं वेड होतं. काही वर्षांपूर्वी परत जमवायला लागलो तेव्हा एक अंक तीस-चाळीस रुपयांत मिळून जायचा. आता तोच अंक लोक आठशेला, पंधराशेला लावतात आणि साठच्या दशकातला असेल तर आकडा ऐकूनच घाम फुटतो. मला पूर्ण सेट करायचा होता. सोडून द्यावं का?
— एक वाचक, सांगली

साहेब, पूर्ण सेटचा नाद सोडा, जमवणं सोडू नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्यातले बरेच जण त्या एकच समजून खिसा रिकामा करून बसलेत.

आधी हिशोब बघा. इंद्रजाल मार्च १९६४ ला सुरू झालं, टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमनने काढलं आणि १९९० ला बंद केलं. एवढ्या काळात ८०३ अंक निघाले. आधी मासिक होतं, मग पाक्षिक, मग साप्ताहिक. म्हणजे ऐंशीच्या दशकातले अंक भरपूर आहेत आणि साठच्या दशकातले मोजके, हे उघड आहे. त्यात परत इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली, गुजराती अशा वेगवेगळ्या भाषांत. तुम्ही मराठी म्हणताय, तिथे गोची अशी की मराठी अंक घरात टिकलेच नाहीत. गल्लीतल्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांनी ते घेतले, वर जाड पुठ्ठा शिवला, शिक्के मारले, आणि एकेक अंक शंभर पोरांच्या हातून गेला, त्यातल्या निम्म्यांनी तो जेवताना वाचला. उरलेले परीक्षा जवळ आली की आईने रद्दीत घातले. इंग्रजी अंक जरा बऱ्या घरांतल्या कपाटांत राहिले, मराठी अंकांच्या पुड्या झाल्या. त्यामुळे मराठीची टंचाई खरी आहे, ती कोणी मुद्दाम केलेली नाही.

पण टंचाई खरी असली तरी आज सांगतात तो भाव खरा असतोच असं नाही, आणि इथेच लोक फसतात. ऑनलाइन जो आकडा लावलेला दिसतो तो मागणारा मागतोय, घेणाऱ्याने दिला असं नाही. कित्येक अंक दोन-दोन वर्षं त्याच आकड्याला लटकलेले असतात, तुम्ही स्वतः पाहिले असतील. आणि जमवणाऱ्यांच्या ग्रुपवरच्या लिलावात काय होतं, रात्री साडेदहाला दोघं जण ईर्षेला पेटतात, एखादा अंक कुठच्या कुठे जातो, दुसऱ्या दिवशी त्याचा स्क्रीनशॉट फिरतो आणि आठवडाभरात सगळ्यांचा 'रेट' तोच. त्या दोघांपैकी एक विकणाऱ्याचाच मित्र होता का हे कोणी विचारत नाही. मी तर म्हणेन की लिलावातला आकडा एकदा दिसला तर सोडून द्या, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी तेवढे पैसे खरंच दिलेले दिसले तरच त्याला भाव म्हणा.

भाव चढायचं मोठं कारण मात्र तुम्ही आणि मी आहोत. सत्तर-ऐंशीच्या दशकात जी पोरं इंद्रजालमधले वेताळ (म्हणजे फँटम, जंगलातला मुखवटेवाला नायक) आणि जादूगार मँड्रेक वाचत होती ती आज पंचेचाळीस ते साठमध्ये आहेत, घराचे हप्ते संपत आलेत, मुलं मार्गी लागलीत, आणि हातात पहिल्यांदाच थोडा मोकळा पैसा आहे. सगळ्यांना एकाच वेळी तेच दोनशे-तीनशे अंक हवेत. हे असंच कायम राहील असं मला वाटत नाही कारण आपल्या नंतरच्या पिढीला वेताळाच्या डेंकालीच्या जंगलाचं काही घेणंदेणं नाही, त्यांचं लहानपण वेगळ्या कॉमिक्सवर, नाहीतर टीव्हीवर गेलंय. म्हणून घाई करू नका.

आता करायचं काय. एक तुकडा निवडा. नुसता बहादूर घ्या, इंद्रजालचाच देशी नायक, लेखक आबिद सुरतींनी १९७६ मध्ये तो आणला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची, चंबळच्या डाकूंची पार्श्वभूमी, सगळा मामला इथल्या मातीतला, आणि वेताळाच्या मानाने त्याच्यामागे लोक कमी लागतात. (हेच आबिद सुरती पुढे मीरा रोडला रविवारी प्लंबर घेऊन लोकांचे गळके नळ फुकटात दुरुस्त करत फिरायचे, बहादूरचा बाप शोभतो.) किंवा नुसते मँड्रेक घ्या, किंवा तुमच्या जन्मवर्षातले अंक घ्या. गोविंद ब्राह्मणियांनी रंगवलेली मुखपृष्ठं एवढंच जमवणारेही आहेत आणि ते माझ्या मते सगळ्यात शहाणे, कारण मुखपृष्ठ हिंदी-मराठी-इंग्रजीला तेच असतं, मग जी भाषा स्वस्तात मिळेल ती उचलायची.

दुसरं, बाइंडिंग केलेले खंड बघा. पूर्वी हौशी वडील दहा-बारा अंक एकत्र शिवून घ्यायचे. बाइंडरने कडा कापलेल्या असतात, कधीकधी मुखपृष्ठं काढून टाकलेली असतात, त्यामुळे 'कलेक्टर' लोक नाकं मुरडतात, आणि म्हणूनच सुट्ट्या अंकांच्या मानाने ते खूप कमी पैशात जातात. आतली गोष्ट मात्र पूर्ण असते आणि शिलाईमुळे पानंही टिकलेली असतात. लायब्ररीचा शिक्का असलेले, शेवटच्या पानावर कोणीतरी गणितं केलेले अंकही असेच स्वस्त. तुम्हाला वाचायचंय ना? मग शिक्क्याने काय बिघडतं.

तिसरं, वेळ साधा. दिवाळीच्या आधीची साफसफाई, आणि मुंबई-पुण्यात हल्ली जुन्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटला जातायत तो काळ, तेव्हा माळे रिकामे होतात. माटुंग्याला किंग्ज सर्कलचे पुस्तकवाले, फोर्टात फ्लोरा फाउंटनचे फुटपाथ, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासचे जुनी पुस्तकंवाले, यांच्याशी ओळख ठेवा. रद्दीवाला हल्ली मोबाइलमध्ये भाव बघून मगच बोलतो हे खरं, पण त्यालाही माल अडवून ठेवायला जागा नसते, रोख आणि लगेच उचलणाऱ्याला तो देतो.

आणि जाता जाता, कोणी तुम्हाला १२३ किंवा १२४ नंबरचा इंद्रजाल 'अतिदुर्मिळ' म्हणून विकायला आला तर चहा पाजा आणि घरी पाठवा. त्या वेळी टाइम्समध्ये संप होता, ते दोन अंक निघालेच नाहीत. शेवटचा क्रमांक ८०५ पर्यंत जातो आणि अंक भरतात ८०३, ते त्यामुळेच.

प्रश्न : काका, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मध्यंतरी बातमी वाचली की अमेरिकेत सुपरमॅनचं एक कॉमिक करोडोंना गेलं. मी इंटर्नशिपचे थोडे पैसे साठवलेत, शेअरमध्ये टाकण्यापेक्षा जुन्या कॉमिक्समध्ये टाकले तर? मला वाचायची एवढी आवड नाही, पण ग्रोथ चांगली दिसतेय.
— नाशिकहून एक विद्यार्थी

तुझं शेवटचं वाक्य वाचूनच उत्तर 'नाही' असं आहे, पण तू प्रामाणिकपणे विचारलंयस म्हणून नीट सांगतो.

ती बातमी खरी आहे. जून १९३८ चा ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा आला, तेव्हा किंमत दहा सेंट, त्याची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, १९३९ चा 'सुपरमॅन'चा पहिला अंक ९१ लाख डॉलरच्या वर गेला, आणि तो तीन भावांना आईच्या घरात माळ्यावर एका खोक्यात जुन्या वर्तमानपत्रांखाली सापडला होता. अशा बातमीनंतर महाराष्ट्रातला प्रत्येक माळा तपासला जातो!

पण हे अंक एवढे महाग का ते बघ. ते निघाले तेव्हा कोणी जपले नाहीत. पोरांनी वाचून फेकले, दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करायच्या मोहिमा निघाल्या त्यात ढिगाने गेले, आणि ॲक्शनच्या पहिल्या अंकाच्या आज शंभरेक प्रतीच माहीत आहेत. आता याच्या उलट गोष्ट ऐक. १९८० च्या दशकात जुन्या अंकांना भाव येतोय हे लोकांना कळलं आणि सगळे 'इन्व्हेस्टर' झाले. १९९१ मध्ये एक्स-मेनचा नवा पहिला अंक आला, पाच वेगवेगळी मुखपृष्ठं, ८० लाखांच्या वर प्रती खपल्या, लोकांनी पाचही घेतल्या, वर पिशवीत घालून ठेवल्या. पुढच्या वर्षी सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत सील करून विकला, लोकांनी न उघडता ठेवला, पोरांच्या कॉलेजची फी यातून निघेल म्हणून. सगळ्यांनीच जपलं म्हटल्यावर दुर्मिळ काय राहणार? बाजार कोसळला, हजारो दुकानं बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये एक्स-मेन काढणारी खुद्द मार्व्हल कंपनी दिवाळखोरीत गेली. तो एक्स-मेनचा अंक आज तीस वर्षांनंतरही किरकोळ पैशात मिळतो. कोविडच्या काळातही असंच झालं, लोक घरी बसले होते, पैसे हातात होते, २०२१ मध्ये भाव वर गेले आणि नंतर बऱ्याच अंकांचे खाली आले, वरच्या दोन-चार नावांचं सोडून.

आपल्याकडे तर अजून अवघड कारण इथे ना धड प्राइस गाइड आहे ना प्रत तपासून नंबर देणारी संस्था. अमेरिकेत सीजीसी नावाची कंपनी २००० पासून अंक तपासून दहापैकी मार्क देते आणि प्लॅस्टिकच्या कडक डबीत सील करते, त्याला स्लॅब म्हणतात. इंद्रजालचा अंक तिकडे पाठवायचा, येण्याजाण्याचं कुरिअर, फी, वर कस्टमची कटकट, हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. शिवाय विकायची वेळ आली की घेणारे मोजके. शेअर दोन मिनिटांत विकता येतो, इंद्रजालमधला मराठी फ्लॅश गॉर्डन विकायला महिना जातो आणि समोरचा 'दादा थोडं कमी करा ना' म्हणतच राहतो.

पैसे इंडेक्स फंडात टाक. आणि दोनशे रुपयांचं एक जुनं कॉमिक घे, वाच. आवडलं तर मग परत पत्र लिही.

प्रश्न : वडील गेल्यावर घर आवरताना माळ्यावर दोन पत्र्याच्या ट्रंका सापडल्या. एकीत इंद्रजाल, दुसरीत अमर चित्र कथा आणि चांदोबा. काही पानं पिवळी झालीत, पिना गंजल्यात, काहींना कसर लागलीय. एका गृहस्थांनी फोटो बघून सगळ्याचे मिळून पंचवीस हजार देतो, उद्याच येतो म्हणून सांगितलंय. भावाचं म्हणणं देऊन टाक. काय करू?
— एक वाचक, रत्नागिरी

ताई, पहिली गोष्ट, उद्या त्यांना येऊ देऊ नका. वाईट माणूस असेल असं मी म्हणत नाही, पण जो 'उद्याच येतो' म्हणतो त्याला ट्रंकेत काहीतरी दिसलंय. लॉटमध्ये, म्हणजे सगळं एकदम, घेणाऱ्याचं गणित नेहमी असं असतं की सात-आठ अंकांतच पूर्ण पैसे वसूल होतात आणि बाकीचे दीडशे फुकट पडतात. पंचवीस हजार हा आकडा चांगला असेल किंवा अगदीच कमी असेल, यादी केल्याशिवाय तुम्हालाच काय कोणालाच कळणार नाही.

आधी माल वाचवा, कोकणातली हवा आहे आणि पावसाळा कोणासाठी थांबत नाही. ट्रंका माळ्यावरून खाली घ्या. कसर लागलेले अंक वेगळे काढा, चांगल्यांत मिसळू देऊ नका. उन्हात अजिबात टाकू नका, आपल्याकडे पापडासारखं सगळं गच्चीवर वाळवायची सवय असते पण उन्हाने शाई उडते आणि कागद कुरकुरीत होतो. हवेशीर खोलीत, पंख्याखाली, उभे उघडून ठेवा. मऊ ब्रशने मुखपृष्ठावरची आणि पानांच्या घडीतली धूळ झटका, किड्यांची अंडी तिथेच असतात. जास्त कीड असेल तर अंक झिपच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन-तीन आठवडे ठेवतात, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच राहू द्यायची नाहीतर पाणी सुटतं. फवारा मारू नका. डांबरगोळ्याही नकोत, वास जात नाही आणि घरात कोणाला दम्याचा त्रास असेल तर अजूनच नको.

पिवळेपणाबद्दल वाईट वाटून घेऊ नका, तो जाणार नाही. न्यूजप्रिंट कागदात लाकडाचा अंश तसाच असतो, त्यात आम्ल तयार होतं, प्रकाश आणि दमट हवा लागली की पिवळा पडणारच. पुढचं पिवळं पडणं कमी करता येतं एवढंच. पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पिशव्या मिळतात, मागे ॲसिड-फ्री पुठ्ठा. कव्हरं घालायला मिळतं ते चिकट वास येणारं पीव्हीसी प्लॅस्टिक वापरू नका, ते शाईला चिकटतं. फाटलेल्याला सेलोटेप लावू नका, हे मी हात जोडून सांगतोय, दहा वर्षांनी टेप निघून जाते आणि तपकिरी डाग राहतो. लॅमिनेशन तर विचारूच नका, लॅमिनेट केलेले अंक बघितले की जीव कळवळतो. गंजलेली पीन मात्र हळूच काढून टाकली तरी चालेल, ठेवली तर गंज कागद खातो.

मग यादी. वहीत किंवा मोबाइलवर, अंकाचा क्रमांक, महिना-वर्ष, भाषा, मुखपृष्ठ आहे का, मधली पानं आहेत का. इंद्रजालच्या जुन्या अंकांवर सरळ क्रमांक असतो, ऐंशीच्या दशकात वर्ष आणि अंक अशी पद्धत आली, तेव्हा जसं छापलंय तसंच लिहा. पहिल्या शंभरातलं मराठीत काही निघालं तर ते वेगळं ठेवा, त्यावर घाईने काही ठरवू नका.

अमर चित्र कथेत जरा बारकाईने बघावं लागतं. ती मालिका १९६७ पासून चालू आहे आणि तेच तेच अंक पुन्हापुन्हा छापले गेलेत, म्हणून जुनं दिसलं म्हणजे पहिली आवृत्ती असं नसतं. सुरुवातीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते, आपल्या गोष्टी ११ नंबरच्या 'कृष्ण'पासून, त्याची चित्रं राम वाईरकरांची. जुने क्रमांक चारशे छत्तीसपर्यंत जातात आणि नंतरच्या छपाईत ५०१ पासून नवे क्रमांक दिलेत, तेव्हा पाचशेच्या पुढचा नंबर दिसला की ती नंतरची छपाई. मागच्या-पुढच्या पानावर छापलेली किंमतही बघा, तीही छपाईचा काळ सांगते. नंतरच्या छपाईला वाचनमूल्य आहे, भाव फारसा नाही.

एवढं झालं की यादी दोन-तीन वेगवेगळ्या लोकांना दाखवा, फोटो न देता. ज्याचा आकडा कारणासकट येईल त्याच्याशी बोला. आणि विकायचंच असेल तर सगळं एकदम विकायची काही सक्ती नाही, पण एक मात्र खरं, सुट्टं विकायला वेळ आणि डोकं दोन्ही जातं, पॅकिंग करा, पोस्टात जा, 'ताई कोपरा दुमडलाय' ऐकून घ्या. ते नको असेल तर थोड्या कमी पैशात लॉट देणं हा काही मूर्खपणा नाही. भावालाही हेच सांगा. वडिलांनी नाव घातलेले दोन-चार अंक असतील तर ते मात्र विकू नका, तसंही नाव लिहिलेल्या अंकाला बाजारात कमीच मिळतात.

प्रश्न : नवरा दर महिन्याला कॉमिक्सवर किती घालवतो ते मला सांगत नाही. कुरिअरवाला आला की 'ऑफिसचं आहे' म्हणतो. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण लिमिट?
— नाव छापू नये, ठाणे

वहिनी, ऑफिसची कागदपत्रं कोणी बबल रॅपमध्ये पाठवत नाही हे तुम्हाला माहितीये आणि तुम्हाला माहितीये हे त्यांनाही माहितीये.

भांडून उपयोग नाही, चोरून घेणारा अजून चोरून घेतो. महिन्याचा एक आकडा ठरवा, त्याच्या आत काय घेतलं ते विचारायचं नाही, आणि त्याच्या वर जायचं असेल तर आधी घरातले डबल अंक विकायचे. हा नियम बऱ्याच जुन्या जमवणाऱ्यांचा स्वतःचाच आहे, बाहेर गेल्याशिवाय आत येत नाही. डबल अंक प्रत्येकाकडे असतात, लॉट घेतला की येतातच, आणि ते 'ट्रेडसाठी' म्हणून वर्षानुवर्षं पडून राहतात. अदलाबदल केली तर पैसेही लागत नाहीत, मराठी ऐंशीच्या दशकातले चार देऊन एक सत्तरचा, असे सौदे अजूनही होतात. आणि लिलाव रात्री असतात, त्या वेळी त्यांचा फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत ठेवायचा.

प्रश्न : ओरिजिनल आणि झेरॉक्स कॉपी यांतला फरक कसा ओळखायचा? मी एक अंक घेतला, आता शंका येतेय.
— कोल्हापूर

भिंग घ्या आणि चित्रातल्या रंगावर धरा. त्या काळच्या ऑफसेट छपाईत रंगाचे बारीक ठिपके एका ओळीत, एका कोनात दिसतात. आजच्या कलर प्रिंटरच्या छपाईत ते विस्कटलेले दिसतात किंवा चकचकीत थर दिसतो. मग पिना बघा, जुना कागद आणि नवी चकाकती पीन असेल तर विचारा का. कागद कडेला जास्त पिवळा आणि आत कमी असा असायला हवा, सगळं पान एकसारखं चहात बुडवल्यागत तपकिरी असेल तर कोणीतरी मेहनत घेतलीय. आणि नाकाला लावा. जुन्या न्यूजप्रिंटचा वास अजून कोणाला बनवता आलेला नाही.

बऱ्याचदा पूर्ण अंक खोटा नसतोच, आतली पानं खरी आणि मुखपृष्ठ नवीन छापलेलं असतं. विकणाऱ्याने आधी सांगितलं तर त्यात गैर काही नाही, किंमत मात्र त्याप्रमाणे.

प्रश्न : एवढे पैसे घालवण्यापेक्षा नेटवर सगळे अंक स्कॅन करून पडलेत, ते डाउनलोड केले तर काय बिघडलं? लेखक-चित्रकार तर कधीच गेले.
— पुणे

गेले म्हणजे हक्क संपले असं होत नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. वेताळ आणि मँड्रेक निर्माण करणारे ली फॉक १९९९ मध्ये वारले, पुढचा हिशोब तुम्हीच करा. ही पात्रं अमेरिकेतल्या किंग फीचर्सकडे आहेत आणि ती कंपनी आजही परवाने देते.

हे कायद्याचं झालं. माझं मत विचाराल तर ज्या लोकांनी वर्षानुवर्षं बसून पानं स्कॅन केली त्यांच्यामुळेच कित्येक मराठी अंकांत काय होतं हे आज माहीत आहे, प्रकाशकाने स्वतः ते काम कधी केलं नाही. पण तेच स्कॅन प्रिंट करून कोणी पाचशेला विकत असेल तर ती सरळ चोरी आहे, त्याला गिऱ्हाईक होऊ नका. परवानगी घेऊन छापलेलं काही मिळालं तर ते आधी घ्या, वेताळाची नवी छपाई अधूनमधून येत असते, ऑस्ट्रेलियात तर फ्रू नावाची कंपनी १९४८ पासून आजतागायत वेताळ छापतेय. नवी छपाई बाजारात आली की जुन्या साध्या अंकांचा भाव थोडा तरी खाली बसतो, कारण ज्यांना फक्त गोष्ट हवी असते ते रांगेतून बाहेर पडतात. अमर चित्र कथा सतत छापत राहिली म्हणून तिचे साधे अंक आजही आवाक्यात आहेत, आणि इंद्रजाल १९९० ला बंद झालं ते झालंच, म्हणून तिथे ही मारामारी.

एक गंमत, मूळ इंग्रजी स्ट्रिप आणि इंद्रजाल समोरासमोर ठेवून बघा. वेताळाचा देश मुळात बेंगाला, आपल्याकडे तो डेंकाली झाला, आणि समुद्री चाच्यांची सिंग टोळी सिंगा झाली, उगाच इथे कोणाच्या भावना दुखवायला नकोत म्हणून. संपादकांनी साठच्या दशकातच ही काळजी घेतली होती. असे बदल शोधायचे असतील तर स्कॅनवर भागत नाही, जुना अंक हातात लागतोच, मग तो घ्यायला एक कारण मिळतं. (पुण्याच्या वाचकाला हे कारण पुरेल असं वाटत नाही.)

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला असतो. मुलगी नऊ वर्षांची, मराठी वाचायला शिकतेय. तिला मी वाचलेला चांदोबा द्यायचाय. भारतातून एक विक्रेता सत्तरच्या दशकातला वर्षभराचा संच द्यायला तयार आहे पण किंमत ऐकून थांबलोय.
— न्यू जर्सी

थांबलात ते बरं केलंत. नऊ वर्षांच्या मुलीला पन्नास वर्षांपूर्वीचा ठिसूळ अंक द्यायचा नाही, ती पान उलटेल आणि कोपरा तुटेल, मग तुम्ही ओरडाल आणि मराठी तिथेच संपेल.

चांदोबा म्हणजे मद्रासहून नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ मध्ये तेलुगू-तमिळमध्ये सुरू केलेल्या 'चंदामामा'चं मराठी रूप. विक्रम-वेताळची ती चित्रं, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, ती शंकर यांची, ते २०२० मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी वारले. मासिक २०१३ मध्ये थांबलं, त्यानंतर जुन्या अंकांचे भाव चढायला लागले, पण ऐंशी-नव्वदच्या दशकातले सुटे अंक अजून मिळतात आणि मुलीला त्यातल्या गोष्टींत काही फरक कळणार नाही. कोणी भारतातून येणार असेल तर असे आठ-दहा मागवा, मळके चालतील. शिवाय बालभारतीचं 'किशोर' मासिक, १९७१ पासूनचं, त्याचे जुने अंक त्यांनीच नेटवर फुकट वाचायला ठेवलेत, कायदेशीर. तिथून सुरुवात करा, आणि सत्तरचा संच तुमच्या स्वतःसाठी हवा असेल तर तसं स्पष्ट म्हणा, मुलीचं नाव पुढे करू नका.

विक्रेत्याला मात्र एकदा निम्मी किंमत सांगून बघा. डिसेंबरपर्यंत तो संच त्याच्याकडेच पडून असला तर तो स्वतःहून मेसेज करेल.